माझा उपास आणि भानुदासाची गोळी

मी त्या पदयात्रेला देवासाठी गेलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. बायको गेली त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षं मी देवाशी अबोला धरला होता. तिच्या दुखण्यात परळीला किती खेपा केल्या, किती बेल वाहिला, आणि ती गेलीच. मग मी ठरवलं, आता त्याच्याकडं काही मागायचं नाही आणि त्याला काही सांगायचं नाही. आम्ही लिंगायत. आमच्यात लहानपणीच गळ्यात लिंग येतं आणि ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म-बेल वाहायचा, पूजा करायची, आणि त्यानंतरच तोंडात पाणी घालायचं. ही रीत मी मोडली नव्हती. पण ती पूजा म्हणजे दुकानाचं शटर वर करण्यासारखी झाली होती. हात करत होता, मन दुसरीकडंच असायचं.

भानुदास माझा दोस्त. आम्ही दोघं धारूरचे, एका गल्लीत वाढलेले. मी तिसरीतून शाळा सोडून वडलांच्या किराणा दुकानात बसलो, तो पुढं शिकला आणि एसटीवर ड्रायव्हर झाला. तो जातीनं वेगळा, स्वभावानं तर लईच वेगळा. मी तोलून-मापून बोलणारा, तो हॉर्न वाजवत येणारा. मला गावात सगळे आप्पा म्हणतात. भानुदासही आप्पाच म्हणायचा, पण त्याच्या आप्पाला एक 'बे' जोडलेला असायचा. दुसऱ्या कुणी तसं म्हटलं असतं तर मी त्याला ओट्यावरून खाली उतरवलं असतं.

आमच्याकडची निम्मी माणसं दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्यावर जातात. पाच-सहा महिने गावात कुलपं आणि म्हातारी माणसं. लेकरं संगं गेली की शाळा बुडते. म्हणून आमच्या इथल्या एका गुरुजींनी अशा लेकरांसाठी वसतिगृह काढलं. त्याला धान्य पाहिजे. गुरुजींनी कार्तिकात पदयात्रा काढली: धारूरपासून केज, तिथून नेकनूर, मांजरसुंबा आणि शेवटी धबधब्यापाशी असलेलं आमचं देवस्थान, कपिलधार. वाटेतल्या प्रत्येक गावात घरोघर जाऊन लेकरांसाठी पसाभर ज्वारी मागायची. मागून एक टेम्पो, पोती भरायला.

भानुदास माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "आप्पा, सगळी नोकरी मी हा रस्ता काचेतून बघितला बे. आता पायानं बघायचाय. चल."

"मला काय पडलंय?"

"भिंतीला टेकून टेकून तुझी पाठ पांढरी झाली. भिंतीचा चुना तरी वाचंल. चल."

गेलो. तो एकटा जाणार, त्याला साखरेचा आजार, त्याच्याकडं कुणीतरी बघायला पाहिजे, असं मी लोकांना सांगितलं. खरं म्हणजे घरात बसून मला कंटाळा आला होता, पण ते कसं सांगणार? आणि बघायला गेलेल्यानं काय बघितलं, तेच आता लिहायचं आहे.

आम्ही वीस-बावीस माणसं होतो. गुरुजींनी प्रत्येकाच्या खांद्याला एक झोळी दिली. दारात उभं राहायचं, झोळी पसरायची, "लेकरांसाठी पसाभर द्या माय" म्हणायचं. मी झोळी घेतली नाही. म्हणालो, मी पोती शिवतो. दाभण आणि सुतळी घेऊन मी टेम्पोपाशी बसायचो. माझ्यासारखा टाका कुणाला येत नव्हता हेही खरं, पण कारण ते नव्हतं. जन्मभर लोक माझ्या दारात येऊन उभे राहिले. मी कुणाच्या दारात उभा राहिलो नाही, बायकोच्या आजारपणात भावाच्या दारातसुद्धा नाही. आता म्हातारपणी दुसऱ्याच्या उंबऱ्यापुढं कापड पसरायचं? माझी झोळी भानुदासानं घेतली. एका खांद्याला त्याची, एका खांद्याला माझी. बायका हसायच्या, "मामा, दोन झोळ्या कावून?" तो म्हणायचा, "एक माझी, एक आमच्या मालकाची. मालक टेम्पोत बसलेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी केजच्या पुढं एका गावात पारावर जेवायला बसलो होतो. गावातली माणसं जमली होती. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, तुमच्या खांद्याला झोळी कशी नाही? मी तोंड उघडायच्या आत भानुदास बोलला, "आमच्या आप्पाचा हात लई नवलाचा हाय. देवानं बनवतानाच पालथा बसवलाय. उताणा व्हतच न्हाई."

सगळा पार हसला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. गुरुजींनी मान खाली घातली, पण त्यांचेही खांदे हलत होते. मी हातातली भाकर ताटात ठेवली आणि उठलो.

"आप्पा, चेष्टा केली बे," भानुदास मागून म्हणाला.

मी त्याच्याशी बोललो नाही. संध्याकाळी नाही, झोपताना नाही. त्यानं माझी वळकटी उलगडून दिली, मी ती उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. आता लिहिताना हे पोरकट दिसतं. तेव्हा तसं वाटलं नव्हतं. माणूस म्हातारा झाला की त्याच्याजवळ एवढंच उरतं, कुणी आपल्याला हसू नये. निदान मला तसं वाटायचं.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठून एकटाच शेतातल्या हौदावर अंघोळीला गेलो. भानुदासाबरोबर जायचं नव्हतं म्हणून. रागानं, घाईघाईनं तांब्यावर तांबे ओतून घेतले. अंग पुसलं, परत येऊन, मुक्कामाला होतो त्या शाळेच्या व्हरांड्यात पूजेला बसलो, डावा तळहात पुढं केला, उजव्या हातानं गळा चाचपला, तर गळ्यात काही नाही.

गळ्यातला दोरा तुटला होता. तो दोरा माझी बायको दर श्रावणात बदलायची. नवीन सूत वळायची, हळद लावायची, गाठ स्वतः मारायची. ती गेल्यावर मी तो बदलला नाही. सुनेनं दोनदा विचारलं, तिला मी झिडकारलं. तिच्या हातची शेवटची गाठ म्हणून ठेवला होता असं कुणी म्हणेल. तसं नव्हतं. देवावरचा राग होता. तुझ्यासाठी आता सूतसुद्धा वळायचं नाही, असा. तीन वर्षांचा घामानं कुजलेला दोरा, तुटणार नाही तर काय होणार?

सगळे शोधायला लागले. भानुदास हौदात उतरला. गुडघ्याएवढ्या शेवाळात हात घालून त्यानं तळ चाचपला. शेतमालकाला सांगून हौद रिकामा केला, पाटाच्या चिखलात यात्रेतल्या पोरींनी बोटं फिरवली. लिंग सापडलं नाही. आजपर्यंत सापडलेलं नाही. दोन तास गेले तेव्हा मी गुरुजींना म्हणालो, तुम्ही पुढं व्हा. पुढच्या गावात लोक वाट बघत होते. यात्रा निघाली. भानुदास माझ्यापाशी थांबला.

"नेकनूरला स्वामी हायेत तुमचे," तो म्हणाला. "ते नवीन देतील. मी टेम्पो थांबवतो, तासाभरात पोचू. तवर चहा घे."

"लिंगाशिवाय पाणी न्हाई."

"बरं, पाणी नको. टेम्पोत तर बस."

"पायी निघालोय, पायीच जाणार."

"आप्पा, ऊन बघ. नेकनूर जवळ हाय का? कावून हट्ट करतो?"

मी चालायला लागलो. टेम्पो गेला. माझी पिशवी टेम्पोत, तिच्यात माझा फोन. भानुदास मागून आला. बरोबर आल्यावर म्हणाला, "मग मी बी खात न्हाई. बघू."

इथं मला थांबावं लागतं. आमच्यातले जुने लोक सांगायचे, लिंग अंगावरून गेलं तर अन्नपाणी बंद. मी लोकांना तेच सांगितलं असतं, धर्मासाठी उपाशी राहिलो. पण ज्या माणसानं तीन वर्षं देवासाठी एक सुतळीसुद्धा वळली नाही, त्याला त्या दिवशी एकदम धर्म कुठून आठवला? मला टेम्पोत बसून नवीन लिंग घेता आलं असतं. मला ते नको होतं. मला भानुदासाला दाखवायचं होतं. तू मला चारचौघांत हसलास, आता बघ मी काय चीज आहे. मी वाळून पडलो तरी चालेल, तू बघत राहा. देव त्यात कुठंच नव्हता.

आणि आणखी एक. मी हौदावरून परतलो तेव्हा त्यानं साखरेची गोळी घेतली होती. मी बघितली होती. गोळी घेतली की अर्ध्या तासात खावं लागतं, हेही मला ठाऊक होतं. माझ्या बायकोलाही तोच आजार होता. हौदाच्या गडबडीत त्यानं काही खाल्लं नव्हतं. त्याच्या पिशवीत सकाळची भाकर बांधलेली होती. "खा" एवढा एक शब्द मी बोलायचा होता. तो माझ्या जिभेवर दोनदा आला. दोनदा मी तो गिळला. आधी त्यानं बोलावं, असं मला वाटत होतं.

रस्त्याच्या कडेनं आम्ही चालत होतो, तो डावीकडं, मी उजवीकडं, मधून गाड्या जात होत्या. एका फाट्यावर ऊसतोडीची काही माणसं ट्रॅक्टरची वाट बघत बसली होती. बोचकी, चुलीचे डबे, कोंबड्यांचं खुराडं, लेकरं. मी त्यांच्याकडं बघितलंही नाही. ज्यांच्यासाठी ज्वारी गोळा करायला निघालो होतो, त्यांच्यापुढून मान वर करून गेलो.

फाट्याच्या थोडं पुढं गेल्यावर भानुदास बोलायला लागला. मला वाटलं, आला वाटेवर. पण तो माझ्याशी बोलत नव्हता. "सरका, सरका मागं. मागं जागा हाय," असं म्हणत होता. त्याच्या अंगातून घाम असा निथळत होता की सदरा पाठीला चिकटला होता. मग मला म्हणाला, "घंटी कावून देत न्हाई? दार लावलं का?" मी म्हणालो, "चेष्टा पुरे कर." तो रागावला, हातवारे करायला लागला, पाय वेडेवाकडे पडायला लागले. मी मधला रस्ता ओलांडून त्याच्याकडं जाईपर्यंत तो कडेच्या खडीवरून खाली गेला. दगडावर कंबर आपटल्याचा आवाज मी ऐकला. तो आवाज अजून ऐकतो.

मी खाली उतरलो. त्याला हलवलं, हाका मारल्या. डोळे अर्धे उघडे, पण त्यात तो नव्हता. त्याच्या खिशातला फोन काढला, तो मला उघडता येईना. मग मी वर रस्त्यावर आलो आणि दोन्ही हात पसरून गाड्यांपुढं उभा राहिलो. एक जीप आली, तिच्यावर कुणा पुढाऱ्याचा मोठा फोटो. हॉर्न वाजवून मला वळसा घालून गेली. दोन मोटारसायकली गेल्या. एक पांढरी गाडी हळू झाली, काच खाली आली, आतल्या माणसानं माझ्याकडं बघितलं, म्हातारा प्यालेला असंल असं त्याच्या तोंडावर दिसलं, काच वर गेली. मी ओरडत होतो, "थांबा हो, थांबा, दया करा." आवाज फुटत नव्हता. सकाळपासून पाणी नव्हतं.

मी तेव्हा देवाला हाक मारली का? लोक हे विचारतात. नाही मारली. मला आठवलाच नाही तो. मी फक्त रडत होतो.

तेवढ्यात फाट्याकडून एक बाई पळत आली. कडेवर तान्हं लेकरू. तिला लांबून माझे हात दिसले होते. काही न विचारता ती खाली उतरली, लेकरू माझ्या हातात दिलं, भानुदासाच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "साखर हाय का यांना?"

मी मान हलवली.

"गोळी घेऊन उपाशी?"

मी पुन्हा मान हलवली.

"आमच्या सासूला असंच व्हतंय उसाच्या फडात," असं म्हणत तिनं कमरेच्या पिशवीतून गूळ काढला. मी घाईनं भानुदासाची बाटली पुढं केली, तर तिनं माझा हात बाजूला सारला. "पाणी ओतू नका बाबा, ठसका लागून जातील." तिनं त्याचं डोकं मांडीवर कुशीला वळवून घेतलं, गूळ बोटानं कुस्करून त्याच्या हिरड्यांना चोळला, परत थोडा, परत थोडा. तोंडानं पुटपुटत होती, "चाटा मामा, चाटा, गोड हाय." जसं लेकराला चाटण देतात तसं. किती वेळ गेला सांगता येत नाही. लेकरू माझ्या सदऱ्याची गुंडी चोखत होतं. मग भानुदासाच्या घशाची हालचाल झाली. थोड्या वेळानं त्याचे डोळे फिरले आणि तिच्यावर ठरले.

"कोणतं स्टॉप?" तो म्हणाला.

ती हसली. मला हसू आलं नाही. मी तिथंच मातीत बसलो.

तो शुद्धीवर आला तसा कंबरेला हात लावून ओरडायला लागला. पाय हलवता येईना. तिनं त्याला हलवू दिलं नाही, तसंच पडून राहा म्हणाली. त्याच्या पिशवीतली भाकर मला आठवलीही नाही; तिनं आपली सोडली, लहान लहान घास करून त्याला भरवले. मग उरलेली अर्धी भाकर, तिच्यावर ठेचा, माझ्यापुढं धरली. "घ्या बाबा."

"मला चालत न्हाई," मी म्हणालो. "माझं लिंग हरवलंय. पूजा न्हाई झाली."

तिला ते कळलं की नाही, माहीत नाही. तिनं माझ्याकडं नीट बघितलं. माझे ओठ फुटले होते. म्हणाली, "तुमी बी पडल्यावर ह्यांना कोण धरणार? माझा ट्रॅक्टर आला की मी जाणार हाय. मग दोघं पडून ऱ्हावा इथं, एकामेकाकडं बघत. धरा हात."

आणि तिनं भाकर माझ्या डाव्या तळहातावर ठेवली.

रोज सकाळी मी जिथं लिंग ठेवतो, तिथं. तिला ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. भाकर हातात अशीच धरतात, सगळेच धरतात. मी त्याचा अर्थ लावत बसलो नाही, आजही लावत नाही. मी एवढंच सांगतो की त्या भाकरीकडं बघताना माझ्या आतलं काहीतरी खाली बसलं. पूजेला बसून तीन वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. मी मान खाली घातली, ती भाकर खाल्ली आणि तिच्या डब्यातलं पाणी प्यालो. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं असं मी तिला दाखवलं.

खाता खाता मी तिला विचारलं, मोठी लेकरं आहेत का, शाळेत जातात का. ती म्हणाली, "दोन हायेत, फाट्यावर बसलेत. शाळा हितंच ऱ्हाती, आमी जातो." सांगणार काय? आम्ही तुमच्यासाठीच निघालोय, पण मी झोळी घेतली नाही म्हणून?

गुरुजींना आमची काळजी वाटली असावी. आमचा टेम्पो मागं फिरून शोधत आला. तिनं आणि टेम्पोवाल्यानं मिळून भानुदासाला उचलून गोळा केलेल्या ज्वारीच्या पोत्यांवर निजवलं. मी शिवलेले टाके त्याच्या पाठीखाली होते. मागं वळून बघतो तर फाट्यावर तिचा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला होता, माणसं हाका मारत होती, आणि ती लेकरू कडेवर घेऊन पळत होती. तिचं नाव मी विचारलं नाही. गाव विचारलं नाही. ती कोणत्या कारखान्यावर गेली, मला माहीत नाही. नंतर दोन वर्षं मी त्या फाट्यावर कार्तिकात जाऊन बसलो. ती दिसली नाही.

भानुदासाच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. त्याचा पोरगा संभाजीनगरहून आला. दवाखान्याच्या बाकावर तो माझ्याशेजारी बसला. लहान असताना माझ्या दुकानात येऊन बरणीतली गोळी मागणारा पोरगा.

"आप्पा, बाबांनी सकाळी गोळी घेतलती, हे तुमाला माहीत होतं?"

"होतं."

"आन् ते उपाशी हायेत, हे बी?"

"होतं."

तो बाकावरून उठला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या गपचूप घेतल्या असत्या. त्यानं बापाला गाडीत घातलं, ऑपरेशनसाठी घेऊन गेला. मला या म्हणाला नाही.

मी परत यात्रेत गेलो. दुसरीकडं कुठं जाणार? नेकनूरला मी भानुदासाच्या दोन्ही झोळ्या खांद्याला लावल्या आणि पहिल्या दारापुढं उभा राहिलो. आतली बाई म्हणाली, "काय पायजे?" मी नुसती झोळी पसरली. एका दारात कुणीतरी मला ओळखलं आणि हसून म्हणालं, "आप्पा, तुमी? दुकान बसलं का काय?" मी म्हणालो, "व्हय, बसलं." त्यानं मग चांगली दोन पसे ज्वारी घातली.

तिथल्या म्हाताऱ्या स्वामींपुढं मी सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. वाटलं होतं लिंग गेलं म्हणून रागावतील, प्रायश्चित्त सांगतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गळ्यातलं गेलं तर मी दुसरं देतो. तो ड्रायव्हर गेला असता तर मी तुला दुसरा कुठून देणार होतो?" मग त्यांनी नवीन लिंग दिलं. आता त्याचा दोरा दर श्रावणात सून बदलते.

कपिलधारला पोचलो. सगळे नाचत होते, पाण्याखाली उभे राहून जयजयकार करत होते. मी एका बाजूला बसलो. आनंद झाला नाही. जो म्हणाला होता पायानं बघायचाय, तो तिथं नव्हता, आणि आता तो वॉकरशिवाय संडासालाही जाऊ शकत नाही.

चैत्रात मी संभाजीनगरला त्याच्या पोराच्या घरी गेलो. न बोलावता. भानुदासाच्या सुनेनं दार उघडलं, आत या म्हणाली, हसली नाही. तो खिडकीपाशी खाटेवर होता. वाळला होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "आलास बे." पण पूर्वीच्या 'बे'मधला दम त्यात नव्हता. बराच वेळ आम्ही दोघं खालून जाणाऱ्या गाड्या बघत बसलो. मग तोच म्हणाला, "तुझा उपास देवासाठी न्हवता. माझ्यावर होता. मला तवाच कळलतं. म्हणून मी बी न्हाई खाल्लं. म्हणलं बघू, हा कवा वाकतो. तू एकदा खा म्हणला असतास, मी भाकर सोडलीच असती."

मी खाटेवरून उठून खाली फरशीवर बसलो. म्हणालो, "भानुदास, माझं चुकलं. मला माफ कर." जन्मात कुणाला म्हणालो नव्हतो. बायकोलाही नाही, तिला म्हणायला पाहिजे होतं तेव्हाही नाही.

त्यानं खिडकीकडं तोंड वळवलं. मग विचारलं, "तुझी गाडी कितीची हाय?"

"चारची."

"मग निघ आता. पुढची लई भरून येती, बसायला मिळत न्हाई."

याला माफ केलं म्हणायचं की नाही, मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही. पूर्वीचा मी असतो तर जिना उतरतानाच ठरवून टाकलं असतं, आपण मागितली, त्यानं दिली नाही, संपलं. आता तसं ठरवता येत नाही. त्या दिवशी त्या बाईला मी हाक मारली नव्हती, ती आली. भानुदास गेला असता, तो राहिला. यातलं काहीच माझ्या कर्तबगारीनं झालं नाही, माझ्या हातून झालं ते फक्त वाईट. मग त्याच्या मनात माझ्यासाठी काय आहे आणि काय नाही, हे मी कसं मागून घेणार? ते महादेवावर सोडलं आहे. देवावर सोडणं म्हणजे काय, ते मला एवढंच कळलं.

दर महिन्याला जातो. त्याची सून दार उघडते, तेवढ्यासाठीसुद्धा मी वाटेत हात जोडतो. तो कधी बोलतो, कधी सगळा वेळ भिंतीकडं तोंड करून पडतो. मी बसतो. चारच्या गाडीनं परत येतो.